घोडनदीचा मासा आणि कर्नल सायक्स

मासा केवढा होता, हे सांगताना माणसाचे दोन्ही हात आपोआप लांब जातात. गळाने मासे धरणाऱ्यांच्या मैफलीत तर दर वर्षी तोच मासा वीतभर वाढतो. हा छंद असलेली माणसे मोठ्या माशासाठी काय वाटेल ते करतात. कुणी हिमालयातल्या नदीकाठी आठ-आठ दिवस तंबू ठोकतो, कुणी कावेरीच्या जंगलात जाऊन राहतो. मासा मिळाला की त्याला उराशी धरून छायाचित्र काढायचे आणि ते दिवाणखान्यात लावायचे. पूर्वी मासाच पेंढा भरून भिंतीवर टांगत असत.

आमच्या जुन्नर-आंबेगावात इतका थाट नाही. तरी आम्ही चार-पाच मित्र वर्षातून एकदा डिंभे धरणाच्या फुगवट्याकडे जातो. सोबत काठ्या, गळ, कणकेचे गोळे आणि दोन दिवसांचा शिधा असतो. रात्री चुलीभोवती गप्पा रंगल्या की प्रत्येकाचा हुकलेला मासा पाण्याबाहेर येतो. अशा वेळी मी मित्रांना एका माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या मुलुखातल्या नद्यांमधून सर्वांत मोठे बक्षीस त्याने नेले, पण ते कोणत्याही भिंतीवर टांगलेले नाही. त्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्सचा जन्म १७९० सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. आपल्याकडची मुले ज्या वयात आठवी-नववीत असतात, त्या वयात, १८०३ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत उमेदवार म्हणून दाखल झाला. भरतपूरच्या १८०५ च्या वेढ्यात तो होता. पुढे १८१७ मध्ये पेशवाईचा निकाल लावणारी खडकीची लढाई झाली. त्या लढाईत आणि त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही तो होता. म्हणजे हा माणूस आपल्याकडे पाहुणा म्हणून आला नव्हता. तो जिंकायला आला होता आणि जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता. त्याचे गुण सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

नवे राज्य हाती आले, पण त्यात काय आहे हे राज्यकर्त्यांना नीट ठाऊक नव्हते. गावे किती, माणसे किती, जमीन कोणाकडे कोणत्या हक्काने, पाऊस किती, पिके कोणती, हे सारे पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आणि लोकांच्या तोंडी होते. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ च्या ऑक्टोबरात सायक्सची नेमणूक सरकारी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून केली. हेतू उघड होता. जमाबंदी नीट बसवायची तर मुलुखाची मोजदाद हवी.

सायक्सने मात्र ही मोजदाद महसुलापाशी थांबवली नाही. तो दख्खनभर हिंडला. जमिनीचे हक्क आणि मिरासदारी यांची माहिती त्याने घेतलीच. शिवाय वायुभारमापक घेऊन हवेचा दाब दिवसाच्या कोणत्या वेळी चढतो आणि कधी उतरतो, याच्याही नोंदी ठेवल्या. पक्षी, सस्तन प्राणी, रेशमाचे किडे, झाडे, धान्ये, काही म्हणता काही त्याने सोडले नाही. आपण ज्याला कोळसून म्हणतो त्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये केले, तेव्हा नावात दख्खन घातले. दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात एका लहानशा वटवट्याला राम आणि एका चंडोलाला देव अशी नावे मिळाली. ही नावे शास्त्रात आजही चालू आहेत.

जुन्नरशी त्याचा संबंध आणखी एका कारणाने आहे. १८२८ च्या उन्हाळ्यात तो नाणेघाटात पोहोचला. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात भिंतभर अक्षरे कोरलेली त्याला दिसली. ही लिपी तेव्हा जगात कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तो १८३७ च्या सुमारास. सायक्सला एकही शब्द कळत नव्हता. लेणे बौद्धांचे आहे, अशी त्याची समजूत होती. तरीही तो तिथे पुन्हा पुन्हा गेला आणि डोळ्यांना दिसले तसे एकेक अक्षर कागदावर उतरवून घेतले. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा पंडितांनी तो लेख लावला. तेव्हा तिथे सातवाहनांची राणी नागनिका, यज्ञयाग आणि दक्षिणा यांचा वृत्तांत निघाला. सायक्सचा तर्क चुकला होता, पण लेखाकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते त्यानेच.

मला या माणसाची किल्ली इथेच सापडते. जे आपल्याला कळत नाही, तेसुद्धा जसेच्या तसे लिहून ठेवावे, ही ती वृत्ती. माशांच्या बाबतीत त्याने नेमके हेच केले.

आमच्या मुलुखाचा नकाशा वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. नाणेघाटाच्या अंगाला, कुकडेश्वराच्या देवळाजवळ कुकडी उगम पावते आणि जुन्नरवरून पूर्वेला जाते. नारायणगावची मीना, आंबेगावच्या डोंगरातून निघून घोडेगावच्या काठाने वाहणारी घोड, या तिच्या शेजारणी. शेवटी हे सारे पाणी घोडनदीतून शिरूरवरून भीमेला मिळते. याच शिरूरजवळ, घोडनदीत, सायक्सला एक दांडगा मासा मिळाला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत दुसरा मिळाला. चाकणपाशी इंद्रायणीत तिसरा, तोंडाच्या वर टेंगूळ असलेला विचित्र मासा मिळाला. शास्त्रात यांना नावे नव्हती. ती ठेवण्याचा मान सायक्सकडे आला.

त्या काळी विद्वान लोक अशी नावे ग्रीक किंवा लॅटिनमधून घडवीत, नाही तर मित्रांच्या नावावरून ठेवीत. सायक्सनेही यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स या आपल्या ओळखीच्या निसर्गाभ्यासकांची नावे काही माशांना दिली. पण बाकी कितीतरी माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. मुळा-मुठेतला तो खुद्री, घोडनदीतला मुसल्ला, इंद्रायणीतला नुक्ता. शिवाय कोळस, शिंगटी, फुलंगी, गोगरा. भोई आणि कोळी बायका-मुलांना हाक मारावी तितक्या सहजपणे जी नावे घेत, ती लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या छापील पानांवर गेली. वर्णने १८३९ मध्ये आली आणि चित्रांसह मोठा निबंध १८४१ मध्ये. रोमन लिपीत जाताना उच्चार थोडे वाकले, पण मूळ लपले नाही. शिंगटीला मिशा फुटाव्यात तसे परदेशी स्पेलिंग फुटले, तरी ती शिंगटीच राहिली.

यात मोठे काय, असे कोणी विचारील. शास्त्राचा नियम असा आहे की एखाद्या जिवाचे रीतसर वर्णन करून पहिल्यांदा छापलेले नाव टिकते. पुढे त्याचे कूळ बदलले, घराणे बदलले, तरी ते नाव सहसा हलत नाही. म्हणजे सायक्सने पकडलेला मासा केव्हाच कुजून गेला, पण घोडनदीकाठच्या माणसाचा एक शब्द जगाच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला.

सरकारने १८२९ च्या डिसेंबरात त्याचे पद मोडीत काढले. सायक्सने काम अर्धवट टाकले नाही. ते पुरे करून मगच १८३१ मध्ये तो मायदेशी गेला. कर्नलच्या हुद्द्यावर १८३३ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीचा सभासद झाला. आकड्यांचे वेड त्याला होतेच. लंडनच्या सांख्यिकी सोसायटीच्या संस्थापकांत तो होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. कंपनीच्या संचालक मंडळावर तो १८४० मध्ये गेला आणि १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. लगेच १८५७ चा वणवा पेटला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपले. त्या १८५७ पासून अॅबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटात होता, तो १८७२ मध्ये मरेपर्यंत. चीनमधल्या तायपिंग बंडाची बाजू त्याने हिरिरीने मांडली, हे त्याच्या सरकारातल्या अनेकांना रुचले नसावे.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७३ मध्ये, मंगलोरहून हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्याचे हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक निघाले. तिथून महसीर धरण्याचे वेड गोऱ्या साहेबांत आणखी पसरले. महसीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, वेगवान पाण्यात झुंजणारा मासा. सायक्सचा खुद्री हा त्याच घराण्यातला. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत धरलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा भरला. शौकिनांच्या जगात त्याची चर्चा अजून चालते.

आता गोष्टीला वळण येते. कावेरी खोऱ्यातल्या या नारिंगी पंखांच्या, पाठीला उंचवटा असलेल्या महसीरला अनेक वर्षे पुस्तकांतून आमच्या घोडनदीच्या मुसल्ल्याचे नाव चिकटवलेले होते. अभ्यासकांनी सायक्सचे वर्णन पुन्हा तपासले, तेव्हा कळले की त्याचा मुसल्ला महसीर नव्हेच, तो जवळच्या दुसऱ्या कुळातला मासा आहे. कावेरीच्या महसीरला योग्य नाव मिळायला २०१८ उजाडले. तो टॉर रेमादेवी ठरला आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. जवळजवळ दीड शतक ज्याच्यासाठी साहेबलोक आणि शौकीन नदीकाठी बसले, त्याचे नीट नावही कोणाला ठाऊक नव्हते!

खुद्रीची कथा याच्या उलट. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर १९७० च्या दशकापासून या माशाची कृत्रिम पैदास सुरू झाली. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची अंडी फलित करून पिले वाढवायची आणि नद्यांत सोडायची, असे ते काम. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांचे त्यात मोठे श्रेय. खुद्री तगला, संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेरही आला. पण हीच पिले कावेरीत सोडली गेली आणि तिथे त्यांनी मूळच्या महसीरची जागा बळकावली. हेतू चांगलाच होता. पण कोणता मासा कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न आधी विचारायचा राहून गेला.

आमच्या नद्यांवर धरणे झाली. त्यांनी जुन्नर-आंबेगावच्या शेतीचे सोने केले, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाला भिंतीला शिडी नसते. वाळू उपसली की अंड्यांना आसरा उरत नाही. आज जलाशयांत बीज सोडून वाढवलेले रोहू आणि कटला मिळतात. ते मुळात गंगेच्या खोऱ्यातले. धरणग्रस्त आदिवासींच्या चुली त्यांच्यावर चालतात, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्या गळाला लागतात तेही हेच. एकदा फुगवट्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सायक्सची नावे वाचून दाखवली. कोळस आणि शिंगटी त्यांनी लगेच ओळखले. मुसल्ला म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मान हलवली. त्यांच्या सोबत जाळे आवरणाऱ्या नातवाला मात्र रोहू, कटला आणि चिलापी एवढीच नावे येत होती.

सायक्स परका होता, सत्तेचा नोकर होता, त्याची मोजदाद करवसुलीसाठी होती. हे सगळे खरे. तरी एक गोष्ट तो आपल्यापेक्षा बरी जाणत होता. जे नाव कुणी लिहून ठेवत नाही, ते बोलणाऱ्या माणसाबरोबर जाते, आणि नाव गेलेला जीव नाहीसा झाला तर त्याची कुणाला खबरही लागत नाही. आपल्या तालुक्यांतल्या शाळांनी एका दिवाळीच्या सुटीत एवढे करून पाहावे. कुकडी, मीना आणि घोडेच्या काठच्या जुन्या माणसांकडे वही घेऊन मुलांना पाठवावे आणि माशांची नावे विचारावीत. अर्थ कळला नाही तरी चालेल. ऐकू येईल तसे लिहावे.