वॉल्डनकाठचे घर

अमेरिकेच्या पूर्व भागात, मॅसॅच्युसेट्स राज्यात, काँकर्ड नावाचे एक गाव आहे. गावापासून सुमारे दीड मैलावर वॉल्डन नावाचे खोल व निर्मळ तळे आहे. १८४५ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस सत्तावीस वर्षांचा एक तरुण उसनी आणलेली कुऱ्हाड घेऊन या तळ्याकाठच्या रानात शिरला. तळ्यावरचे बर्फ अजून पुरते वितळले नव्हते. त्याने पाइनचे सरळ वाढलेले कोवळे वृक्ष निवडले आणि ते तोडावयास आरंभ केला. त्याला स्वतःसाठी घर बांधावयाचे होते. या तरुणाचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी काँकर्ड येथेच झाला. त्याच्या वडिलांचा शिसपेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. हार्वर्ड येथील शिक्षण १८३७ मध्ये पुरे करून तो गावी परतला व शिक्षक झाला. परंतु मुलांना छड्या मारणे त्याला पटेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्याने ती नोकरी सोडली. पुढे थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर त्याने स्वतःची शाळा चालविली. १८३९ साली या दोघा भावांनी स्वतः बांधलेल्या नावेतून नदीचा मोठा प्रवासही केला. परंतु हे सौख्य फार काळ टिकावयाचे नव्हते. १८४२ च्या जानेवारीत वस्तरा लागून जॉनच्या बोटाला लहानशी जखम झाली, तीतून धनुर्वात उद्भवला आणि थोड्याच दिवसांत धाकट्या भावाच्या हातांत त्याने प्राण सोडला.

त्या नौकाप्रवासाचे पुस्तक लिहून भावाची स्मृती जतन करावी, ही एकच तळमळ थोरोला लागून राहिली. पण लिहावयास निवांत वेळ हवा. भोवतालच्या माणसांकडे तो पाही, तो त्यांचा सारा वेळ घराच्या पायी खर्ची पडत असलेला त्याला दिसे. त्या भागात साधारण घराला आठशे डॉलर पडत आणि तेवढे मिळविण्यात मजुराच्या आयुष्याची दहा-पंधरा वर्षे जात. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी वेचावे लागणारे आयुष्य, असे थोरोचे गणित होते. तेव्हा माणसाला खरोखर किती घर लागते, हे त्याने स्वतःच पाहावयाचे ठरविले. त्याचा वडीलस्नेही, विख्यात लेखक इमर्सन याने तळ्याकाठी जमीन घेतली होती. तीवर राहण्यास त्याने थोरोला अनुमती दिली.

घराची मुख्य लाकडे त्याने सहा इंच चौरस तासली. बाकीच्या बहुतेक खांबांच्या दोनच बाजू आणि वाशांची एकच बाजू तासून उरलेल्या बाजूंवर साल तशीच ठेवली. जेथे गरज नाही तेथे कुऱ्हाड कशाला चालवावयाची? लाकडांची टोके खाचांत घट्ट बसवून त्याने सांधे जुळविले. दक्षिणेकडे उतरत्या जमिनीत, जेथे एका रानप्राण्याचे जुने बीळ होते तेथेच, त्याने सहा फूट लांब-रुंद व सात फूट खोल तळघर खणले. खाली वाळू लागली. अशा जागी कडाक्याच्या थंडीतही बटाटे गोठत नाहीत.

फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरांना विकत घेतली. ज्या पहाटे ते कुटुंब खोपटी सोडून निघाले, त्या वेळी त्यांचा सारा संसार एकाच गाठोड्यात मावला होता; कोंबड्या तेवढ्या बरोबर होत्या. मांजर मात्र मागे राहिले आणि ते रानात निघून गेले. थोरोने ही हकिकत प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. त्याच्या स्वस्त घराच्या फळ्या एका गरिबाच्या मोडलेल्या घराच्या होत्या, हे विसरता येत नाही. त्या फळ्या त्याने तळ्याकाठी नेऊन गवतावर पसरल्या आणि उन्हाने त्यांचा बाक काढला.

मे महिन्याच्या आरंभी मित्रांच्या साहाय्याने सांगाडा उभा राहिला. कुऱ्हाड त्याने मालकाला परत केली, ती आणली त्याहून अधिक धारदार करून. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला, तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता आणि धुराडेही नव्हते. स्वयंपाक बाहेर उघड्यावर होई. थंडीपूर्वी त्याने जुन्या विटांचे धुराडे रचले, भिंतींवर बाहेरून लाकडी फळकुटे ठोकली आणि पलीकडच्या काठावरून नावेने स्वच्छ वाळू आणून आतून गिलावा केला. घर दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब होते. दोन्ही बाजूंस एकेक मोठी खिडकी, एका टोकास दार, दुसऱ्या टोकास शेकोटी आणि वर पोटमाळा. आत एक पलंग, मेज व तीन खुर्च्या.

खर्चाचा त्याने पै न पै हिशेब ठेवला. फळ्यांना ८ डॉलर साडेतीन सेंट, एक हजार जुन्या विटांना ४ डॉलर, खिळ्यांना ३ डॉलर ९० सेंट, काचांसह दोन जुन्या खिडक्यांना २ डॉलर ४३ सेंट. खडूचा एक सेंटसुद्धा त्यात नोंदलेला आहे! एकूण बेरीज झाली २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला नुसत्या खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडे.

या हिशेबात जमिनीची किंमत नाही आणि त्याच्या स्वतःच्या श्रमाचीही नाही. शिवाय तो अधूनमधून गावात आप्तेष्टांकडे जेवावयास जाई. म्हणून काहींनी त्याला नावे ठेवली. परंतु यांतले बरेचसे त्याने स्वतःच सांगितले आहे, आणि तो काही संन्यास घेऊन बसलेला नव्हता.

पहिल्या वर्षी अडीच एकर जमीन नांगरून त्याने घेवडा लावला. सारा खर्च वजा जाता पावणेनऊ डॉलरांच्या आसपास नफा उरला. वर्षात सुमारे सहा आठवडे अंगमेहनत केली की आपला निर्वाह होतो, असा त्याचा अनुभव होता. उरलेला वेळ लेखनाचा, वाचनाचा आणि रानावनांत हिंडण्याचा. तेथे तो भगवद्गीता आवडीने वाची. पहिला हिवाळा उघड्या शेकोटीवर निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात लाकूड वाचावे म्हणून त्याने लहानशी बंद शेगडी आणली. रान काही त्याच्या मालकीचे नव्हते. मात्र समोरचा जाळ दिसेनासा झाल्यामुळे एखादा सोबती गमावल्यासारखे त्याला वाटू लागले.

याच काळात, १८४६ च्या जुलैमध्ये, गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या सरकारला कर द्यावयाचा नाही म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्या अनुभवावरून लिहिलेला त्याचा निबंध पुढे महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला.

६ सप्टेंबर १८४७ रोजी थोरोने ते घर सोडले. भावाबरोबरच्या प्रवासाचे पुस्तक तेथे लिहून झाले होते. ते १८४९ मध्ये छापले गेले. त्याच्या हजार प्रतींपैकी सातशेहून अधिक न खपता त्याच्याकडेच परत आल्या. १८५४ मध्ये ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले. १८५९ च्या वसंत ऋतूत त्याने दोन माणसांना हाताशी घेऊन इमर्सनच्या तेथील जमिनीवर पाइनची सुमारे चारशे रोपे लावली. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला.

ते घर त्यापूर्वीच एका शेतावर हलविण्यात आले होते. तेथे त्यात धान्य साठवीत. १८६८ मध्ये ते मोडले आणि त्याचे लाकूड इतर कामांस लागले. घराची मूळ जागा कोणती, याविषयी पुढे लोकांत मतभेद होऊ लागले. १८४५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, तेथे खोदकाम करण्यात आले, तेव्हा मातीखाली थोरोने रचलेल्या धुराड्याचा पाया सापडला.