सिनेमातली नटी आणि आमचा होस्टेलचा दिवा

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

मिनी प्रोजेक्टला आम्ही खोलीतला दिवा मोबाईलवरून चालू-बंद करायचं ठरवलं. ग्रुपमध्ये चार मुलं आणि मी. सर्किट त्यांच्याकडे, पोस्टर माझ्याकडे. का, तर माझं अक्षर छान! त्याच रागात लायब्ररीत जाऊन बसले आणि मला हेडी लामार सापडली.

ही व्हिएन्नाची, जन्म १९१४ चा. वडील बँकेत होते, पण फिरायला नेताना लेकीला यंत्रं कशी चालतात ते समजावून सांगायचे. पहिला नवरा शस्त्रांचा कारखानदार. त्याच्याकडे जेवणाच्या टेबलावर शस्त्रांच्याच गप्पा चालायच्या, आणि शोभेची बायको सगळं ऐकून घ्यायची. १९३७ मध्ये ती त्याला सोडून पळाली, हॉलिवूडला पोचली आणि स्टार झाली.

मग महायुद्ध. रेडिओने वळवायच्या टॉर्पेडोची एकच फ्रिक्वेन्सी असेल, तर शत्रू ती जॅम करणार आणि टॉर्पेडो भरकटणार. जॉर्ज अँथाईल या संगीतकाराबरोबर तिने तोड काढली: पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकदमच फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. क्रम जुळवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोसारख्या भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या, आणि फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच! ११ ऑगस्ट १९४२ ला पेटंट मिळालं. नौदलाने ते बाजूला ठेवलं. बाईसाहेब मात्र युद्धाचे बाँड विकत फिरल्या. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली.

तिला ब्लूटूथची आई म्हणतात ते जरा जास्तच होतं. अशी कल्पना तिच्या आधीही काहींना सुचली होती. पण क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, हे तिच्याच विचाराच्या जवळचं आहे. झिगबीचं तसं नाही. ते १६ पैकी एक चॅनेल धरून बसतं. वीज कमी खातं, एकाचा निरोप दुसऱ्यामार्फत लांबवर नेतं, आख्ख्या विंगचे दिवे जोडायला उत्तमच. पण वाय-फायही त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये! रात्री अकराला सगळं होस्टेल डाउनलोडला बसलं की आमचा झिगबीचा दिवा ऐकेना. चॅनेल बदलून पाहा, असं मी सुचवलं तर आधी कोणी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बदलला, दिवा लागला. मग एकाच खोलीसाठी ब्लूटूथच घेऊ, हेही मान्य झालं.

हेडीला या कामाचा पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. २००० च्या जानेवारीत ती गेली.

पोस्टर शेवटी मीच रंगवलं. तिचा फोटो नाही लावला, पेटंटमधली आकृती काढली. व्हायव्हाला सरांनी त्यावरच विचारलं, आणि उत्तर मलाच द्यावं लागलं.