गर्ट्रूड एलियन

परका मनुष्य अंगणात शिरला की राखणीचा कुत्रा त्याच्यावर धावून जातो. आलेला चोर आहे की वैद्य, हे त्याला कळत नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. त्या रोगजंतूंचा नाश करतात. पण मरणोन्मुख रोग्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले, तर त्यावरही तुटून पडतात. १९५४ साली बोस्टन येथे मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, कारण देणारा व घेणारा एकरूप जुळे भाऊ होते. ज्याला असा भाऊ नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर देणारे औषध ज्यांनी घडविले, त्यांत गर्ट्रूड एलियन या अग्रणी होत.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील दंतवैद्य होते. परंतु १९२९ च्या मंदीत घरची संपत्ती गेली. गर्ट्रूड पंधरा वर्षांची असता तिचे आजोबा कर्करोगाने वारले. या रोगाशी झुंजायचे असे ठरवून तिने हंटर कॉलेजात रसायनशास्त्र घेतले. तेथे फी नव्हती, म्हणूनच ती शिकू शकली. १९३७ साली ती पदवीधर झाली. पण स्त्री म्हणून प्रयोगशाळांची दारे तिला बंद होती. लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचे कामही तिने केले. अखेर १९४४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली तिला जागा मिळाली. नोकरी की डॉक्टरेट, असा पेच पडला तेव्हा तिने डॉक्टरेट सोडली.

पेशी वाढताना लागणाऱ्या द्रव्यासारखे दिसणारे, पण तिची वाढ रोखणारे मर्कॅप्टोप्युरिन हे औषध एलियनबाईंनी १९५१ च्या सुमारास तयार केले. मुलांच्या रक्तकर्करोगावर ते उपयोगी पडले. पुढे श्वार्ट्‌झ व डेमशेक यांना ते सशांची प्रतिकारशक्ती आवरते असे आढळले. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे ॲझाथायोप्रिन. रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांवर पारखले आणि १९६२ साली बोस्टन येथे मृत व्यक्तीचे मूत्रपिंड या औषधाच्या बळावर एका रोग्याच्या शरीरात वर्षाहून अधिक काळ चालले.

मात्र खरी कसोटी मात्रेची होती. मात्रा कमी पडली तर मूत्रपिंड जाते. अधिक झाली तर पांढऱ्या पेशी घटून साधा संसर्गही प्राण घेतो. रोपणानंतर धोका मोठा, म्हणून आरंभी वजनाच्या दर किलोमागे रोज ३ ते ५ मिलिग्रॅम औषध देत. पुढे रक्त तपासत ते १ ते ३ मिलिग्रॅमवर आणीत. तेथे थांबता येत नसे. मूत्रपिंड चालते तोवर औषध घ्यावेच लागे. याच प्रयोगशाळेतील संधिवातावरचे ॲलोप्युरिनॉल सोबत दिले, तर ॲझाथायोप्रिन शरीरात साचते. म्हणून त्याची मात्रा तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते. १९८० नंतर सायक्लोस्पोरिनसारखी नवी औषधे आली, तरी हा तोल साधणे सुटलेले नाही.

१९८८ साली हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासह एलियनबाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्या निवर्तल्या. जी पदवी त्यांनी सोडली, ती पुढे अनेक विद्यापीठांनी सन्मानपूर्वक त्यांना अर्पण केली. परंतु दुसऱ्याचे मूत्रपिंड घेऊन जे घरी परतले, त्यांचे आयुष्य हाच त्यांचा खरा गौरव होय.