गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू : स्वतःला कृष्णाची पत्नी मानणारे वऱ्हाडचे गुलाबराव महाराज

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात माधान नावाचं गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी या गावात मोहोडांच्या घरातला एक तरुण गळ्यात मंगळसूत्र घालायचा, कपाळाला कुंकू लावायचा, कधी पूर्ण स्त्रीवेशही करायचा. त्याचं लग्न झालेलं होतं, घरी बायको होती. डोळ्यांनी त्याला काहीच दिसत नव्हतं. तरीही शिकलेसवरलेले लोक त्याच्याकडे वेदांत समजून घ्यायला यायचे.

हे म्हणजे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. आयुष्य मिळालं अवघं ३४ वर्षांचं. तेवढ्यात शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नावावर जमा झाले. त्यांच्या पांडित्याबद्दल बरंच बोललं जातं. पण त्यांच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे. लहानपणी बसलेले घाव आणि पुढे त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं एका स्त्रीचं रूप.

नऊ महिन्यांचा असताना दृष्टी गेली, चार वर्षांचा असताना आई

६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या आजोळच्या गावी गुलाबचा जन्म झाला. वडील गोंदूजी मोहोड, आई अलोकाबाई. घर कुणब्याचं, शेतीवाडीचं.

बाळ नऊ महिन्यांचं असताना डोळ्यांत चुकीचं औषध गेलं आणि दोन्ही डोळे कायमचे गेले. आईचा चेहरा कसा होता हे लक्षात राहण्याआधीच दिसणं बंद झालं. त्याच्यासाठी आई म्हणजे आवाज आणि स्पर्श. मूल चार वर्षांचं झालं तेव्हा तोही आधार गेला. अलोकाबाई वारल्या. पुढची काही वर्षं गुलाब आजोळी, आजीच्या सावलीत वाढला.

अशा घटनांना आज आपण ट्रॉमा म्हणतो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईपासून तुटलेल्या लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. आई गेली की मूल रडतं आणि काही दिवसांनी विसरतं, असा समज तेव्हा सर्रास होता. बोल्बींचं म्हणणं होतं की मूल विसरत नाही. जवळचं माणूस परत मिळवायची ओढ त्याच्यात राहते आणि तिचे पडसाद मोठेपणीही दिसू शकतात.

१८८५ च्या वऱ्हाडात हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं. वेड्यांचं इस्पितळ होतं ते थेट नागपुरात, १८६४ साली सुरू झालेलं. पण आईविना वाढणाऱ्या अंध पोराच्या मनाचं काय, हा प्रश्न डॉक्टरकडे न्यायचा असतो हेच मुळात कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ऐकून शिकलेला माणूस

गुलाबने शिक्षण घेतलं ते कानाने. कुणीतरी वाचून दाखवायचं आणि त्याने ऐकून लक्षात ठेवायचं. त्याच्या पाठांतराच्या गोष्टी वऱ्हाडात आजही सांगितल्या जातात. १८९६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मनकर्णिकाबाईंशी लग्न झालं. त्यानंतरची वर्षं वऱ्हाडासाठी दुष्काळाची होती. आधी १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० चा तर फारच भयंकर.

१९०१ साली गुलाबराव आळंदीला गेले. तिथे ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला मांडीवर घेऊन मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेऊ लागले. म्हणजे ज्ञानेश्वरांची मुलगी.

इथे थोडं थांबायला हवं. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वर म्हणजे माउली, आई. या माउलींचं स्वतःचं बालपण कसं होतं? परंपरा सांगते की समाजाने वाळीत टाकलं, आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला आणि चार भावंडं पोरकी झाली. चार वर्षांचा असताना आई गमावलेल्या मुलाने आपली आई निवडली तीही अशी, जिला पोरकेपण माहीत होतं.

पंचलतिका कोण होती?

मुलगी झाली, मग सासरही ठरलं. गुलाबराव कृष्णाला पती मानत. आपण गोकुळातल्या गोपींपैकी एक आहोत, असं ते मानत आणि त्या गोपीचं नाव पंचलतिका. मंगळसूत्र आणि कुंकू होतं ते कृष्णाच्या नावाचं.

भागवतात गोकुळातल्या मुली कृष्ण पती मिळावा म्हणून मार्गशीर्षात कात्यायनी व्रत करतात. यमुनेच्या काठी वाळूची देवी करून पूजतात. १९०५ साली महाराजांनी हेच व्रत आपल्या लोकांत सुरू केलं. त्यांच्या संप्रदायाला मधुराद्वैत म्हणतात. सगळं एकच आहे हे शंकराचार्यांचं अद्वैत आणि देवावर प्रेयसीसारखं प्रेम करणारी मधुरा भक्ती, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या.

पुरुषाने स्त्री होऊन देवाला हाक मारणं आपल्याकडे नवं नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आणि संतांच्या गौळणी लिहिल्या पुरुषांनीच, पण बोलते त्यांच्यातली बाई. बंगालमध्ये रामकृष्ण परमहंसांनीही काही काळ स्त्रीवेशात साधना केली होती. गुलाबरावांनी मात्र कवितेतली ही बाई रोजच्या जगण्यात आणली.

त्या घरात दोन मंगळसूत्रं होती. एक महाराजांचं, कृष्णाच्या नावाचं. दुसरं मनकर्णिकाबाईंचं, महाराजांच्या नावाचं. नवरा स्वतःच कुणाची तरी बायको झाल्यावर त्या बाईंना काय वाटलं असेल, हा प्रश्नही या गोष्टीचाच भाग आहे.

मग हा मानसिक आजार होता का?

आजचा वाचक हे विचारणारच. मानसोपचारात आजार ओळखण्यासाठी डीएसएम नावाची नियमावली वापरली जाते. तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं असण्याच्या आजाराचे निकष दिले आहेत. त्यातला एक निकष सरळ आहे. ते वागणं समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक प्रथेचा भाग असेल, तर त्याला आजार म्हणायचं नाही. शिवाय त्या माणसाला त्रास होतोय का आणि त्याचं रोजचं जगणं अडलंय का, हेही बघावं लागतं.

गुलाबरावांचं जगणं अडलेलं दिसत नाही. ते प्रवास करत, शिष्यांना शिकवत, ग्रंथ सांगून लिहून घेत. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर त्यांनी मतं मांडली. आणि मनाच्या दुखण्यांचा विचार करणारं मानसायुर्वेद नावाचं लेखनही त्यांच्या नावावर आहे.

त्यामुळे पंचलतिका म्हणजे फक्त आईच्या मृत्यूचा परिणाम, असं एका ओळीत सांगून मोकळं होणं चूक ठरेल. त्यामागे अभ्यास होता, साधना होती, शेकडो वर्षांची परंपरा होती. पण दुःख होतंच, ते नव्हतं असं म्हणणंही तितकंच चूक.

त्यांनी स्वतःची भाषाही बनवली

महाराजांनी नावंग नावाची एक भाषा तयार केली होती, तिचं व्याकरणही. त्यांच्यानंतर ११ वर्षांनी, १८९२ मध्ये जन्मलेला आणखी एक माणूस आयुष्यभर भाषा बनवत राहिला. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणारा जे. आर. आर. टोल्कीन. तो चार वर्षांचा असताना वडील गेले, बारा वर्षांचा असताना आई. त्याच्या जगाला आपण फॅन्टसी म्हणतो. गुलाबरावांसाठी गोकुळ ही कल्पना नव्हती, ते सत्य होतं. हा फरक मोठा आहे. तरी लहानपणी माणसं गमावलेल्या दोघांनाही आपल्या जगासाठी वेगळी भाषा हवीशी वाटली, हे लक्षात राहतं.

माधान आणि आजचं वऱ्हाड

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात महाराजांचं निधन झालं. माधानला आजही भक्त येतात.

अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात आज हा विषय जुना वाटत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे हा भाग देशभर ओळखला जातो आणि अशा प्रत्येक घरात मागे राहणारी लेकरं असतात. त्यांना सांभाळणारी आजी असेल, शेजार असेल, भजनी मंडळ असेल, तर ते मोलाचंच. गुलाबलाही आजोळ होतं आणि त्याचं वेगळेपण सामावून घेणारी माणसं होती. पण आता सोबतीला आणखीही काही आहे. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते. घरातलं मूल आई किंवा बाप गेल्यावर गप्प गप्प झालं असेल, तर ते विसरेल म्हणून वाट बघत बसू नका. त्याच्याशी बोला, आणि गरज वाटली तर तो फोनही करा.