एकट्याने खेळायचा फुटबॉल

वैशाखातल्या दुपारी अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की जठारपेठेतले काय किंवा अमरावतीच्या राजापेठेतले काय, मुलांचे मैदान घरातल्या फरशीपुरते उरते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानाकडे वळायचे ते ऊन कलल्यावर. तोवर कूलरच्या घरघरीत कॅरमचा बोर्ड निघतो आणि भिडू झोपलेला असेल तर मूल एकटेच खेळू लागते. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्याही आपल्याच. एका बाजूने स्ट्रायकर मारायचा, उठून समोरच्या बाजूला जाऊन बसायचे आणि तितक्याच प्रामाणिकपणे स्वतःविरुद्ध खेळायचे. या एकांड्या खेळात काळ्यांना थोडे झुकते माप मिळाले, हे त्या मुलाशिवाय कुणालाही कळत नाही.

हाच एकटेपणा इंग्लंडमधल्या पावसाळी दुपारींनाही परिचित होता. कारण तेवढे वेगळे. तिथे ऊन नव्हे, पाऊस आणि गारठा मुलांना घरात कोंडत असे. त्या मुलांच्या हाती टेबलावरचा फुटबॉल देणारे पीटर अ‍ॅडॉल्फ १९१६ साली ब्रायटन येथे जन्मले आणि १९९४ मध्ये निवर्तले. सबूटिओ हे त्यांच्या खेळाचे नाव भारतात फारसे रुजले नाही. युरोपात मात्र दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाशी ते जोडले गेले आहे. गंमत अशी की, या नावाचा फुटबॉलशी काडीचाही संबंध नाही. ते एका पक्ष्याचे नाव आहे.

अ‍ॅडॉल्फ यांचा खरा जीव पक्ष्यांत होता. पक्षीनिरीक्षण, घरट्यांचा शोध आणि पक्ष्यांच्या अंड्यांचा संग्रह यांत त्यांचे तारुण्य गेले. त्या काळी इंग्लंडमध्ये अंडी जमवणे हा सुसंस्कृत माणसाचा छंद मानला जाई. टोकाला बारीक छिद्र पाडून आतला बलक काढायचा, कवच कापसावर ठेवायचे, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहायचे, अशी ती रीत. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही हा उद्योग मनापासून केला होता. अ‍ॅडॉल्फ संग्रह करून थांबले नाहीत. ते अंड्यांचे व्यापारीही होते. आजच्या पक्षीप्रेमी वाचकाला हे खटकेल आणि ते खटकायलाच हवे. १९५४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बहुतेक वन्य पक्ष्यांची अंडी उचलणे हा गुन्हा ठरला. भारतात वन्यजीव संरक्षणाचा कायदा येण्यास १९७२ साल उजाडले. ज्या माणसाने पुढे असंख्य मुलांना निरुपद्रवी खेळ दिला, त्याची आधीची कमाई घरट्यांतून येत होती, ही गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी हवाई दलात नोकरी केली आणि १९४६ मध्ये ते मोकळे झाले. केंट परगण्यात टनब्रिज वेल्सजवळ लँगटन ग्रीन नावाचे गाव आहे. तिथल्या घरी, तिशीच्या उंबरठ्यावर, पुढे काय करायचे याचा विचार करीत ते बसले होते. युद्ध जिंकलेला तो देश तेव्हा रेशनवर जगत होता. रबर, धातू, कापड यांची टंचाई होती आणि खेळण्यांची दुकाने जवळजवळ रिकामी होती. अशा वेळी त्यांनी टेबलावर खेळायच्या फुटबॉलचा आराखडा आखला. त्यातला कळीचा शोध खेळाडूच्या पायाखाली होता. खालच्या बाजूने गोलसर अशा बैठकीत वजन बसवले की खेळाडू टिचकीने घसरत जातो, कलंडतो, पण पुन्हा सरळ उभा राहू पाहतो. जत्रेत मिळणारी, कितीही पाडली तरी उठून बसणारी बाहुली असते तसा. ही पहिली बैठक त्यांनी आईच्या कोटाचे बटण आणि धातूची चकती जोडून तयार केली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

पुढची हकिकत चतुराईची म्हणावी की धाडसाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. बॉईज ओन पेपर या मुलांच्या नियतकालिकाच्या ऑगस्ट १९४६ च्या अंकात त्यांनी नव्या खेळाची जाहिरात दिली. विकण्यासाठी एकही संच तेव्हा तयार नव्हता. जाहिरात देऊन ते अंड्यांच्या व्यवहारासाठी अमेरिकेला निघून गेले आणि मागे घरी पोस्टल ऑर्डरींचा ढीग साचला, असे ही कथा सांगते. साडेसात हजार पौंडांचा आकडा तिच्यासोबत येतो. त्या काळात या रकमेत इंग्लंडमध्ये एकाहून अधिक घरे विकत घेता आली असती. आता माघार शक्य नव्हती. मुलांनी खाऊचे पैसे पाठवले होते. पहिले संच मार्च १९४७ मध्ये रवाना झाले.

त्या पेटीत आजच्या मुलाला फार काही सापडले नसते. पुठ्ठ्याचे सपाट खेळाडू, त्यांच्या बैठका, हलका चेंडू, तारेचे गोल आणि त्यांना कागदी जाळ्या. मैदान तर नव्हतेच. त्याऐवजी खडूचा तुकडा आणि सूचना होत्या: घरातल्या जुन्या घोंगडीवर मैदान आखून घ्यावे. युद्धानंतर सैन्याची घोंगडी घरोघरी होती. ज्या घोंगडीखाली बाप छावणीत झोपला, तिच्यावर मुलाने खडूने पेनल्टीची चौकट आखली. टंचाईतून आलेली ही युक्ती खेळाच्या पथ्यावर पडली. लोकरीच्या पृष्ठभागावर खेळाडू न अडखळता घसरे आणि चेंडूही आवाक्यात राही.

नावाचा किस्सा त्यानंतरचा. खेळाला हॉबी असे नाव द्यावे, ही अ‍ॅडॉल्फ यांची इच्छा. इंग्रजीत हा शब्द छंदाचाही आणि एका चपळ, छोट्या ससाण्याचाही. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. छंद या अर्थाचा शब्द मुलांच्या काठीच्या घोड्यावरून आला, तर पक्ष्याचे नाव जुन्या फ्रेंचमधून. अ‍ॅडॉल्फ यांना एकाच शब्दात आपली दोन्ही प्रेमे मिळत होती. पण इतका सर्वसामान्य शब्द कुणा एकाच्या व्यापारी मालकीचा करून देण्यास नोंदणी कार्यालयाने नकार दिला. तेव्हा त्यांनी त्याच ससाण्याच्या शास्त्रीय नावाचा, फाल्को सबूटिओ याचा, उत्तरार्ध उचलला. लॅटिन न येणाऱ्या लाखो मुलांच्या तोंडी हा शब्द बसला आणि आपण एका पक्ष्याचे नाव घेत आहोत याची त्यांच्यापैकी बहुतेकांना कल्पनाही नव्हती.

श्रेयाचा प्रश्न मात्र सरळ नाही. लिव्हरपूलच्या विल्यम कीलिंग यांचा न्यू फूटी नावाचा असाच टिचकीचा खेळ १९२९ पासून बाजारात होता. पुठ्ठ्याचे खेळाडू आणि वजनदार बैठक ही कल्पना तिथेही आढळते. अ‍ॅडॉल्फ यांना सबूटिओचे जनक म्हणताना हे नाव बाजूला सारणे अन्यायाचे होईल. अ‍ॅडॉल्फ यांचे कर्तृत्व खेळ पोसण्यात अधिक दिसते. टपालाने विक्री, नव्या संघांचे रंग, लहान-सहान जोडसामान, नियमांची पुस्तिका, असे ते ग्राहकाला दर वर्षी नवे काही देत राहिले. १९६० च्या दशकाच्या आरंभी प्लास्टिकचे भरीव खेळाडू आले आणि न्यू फूटीचा पाडाव झाला. कीलिंग आज अभ्यासकांपुरते उरले आहेत.

प्लास्टिकचे हे चिमुकले खेळाडू हाताने रंगवले जात. टनब्रिज वेल्सच्या परिसरातल्या गृहिणी ते काम घरी नेत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजे, चड्ड्या, सदरे बारीक कुंचल्याने रंगवत. घरबसल्या नगावर मजुरी म्हणजे काय, हे विदर्भातल्या विडी वळणाऱ्या स्त्रियांना वेगळे सांगायला नको. या इंग्रज बायकांची नावे कुठल्याही पेटीवर छापली गेली नाहीत. त्यांच्या कुंचल्यातले फरक मात्र आज संग्राहक भिंगाखाली पाहतात.

खेळाचे नियम वरकरणी सोपे. तर्जनीच्या नखाने खेळाडूला टिचकी मारायची. ढकलायचे किंवा ओढायचे नाही. खेळाडू चेंडूला लागला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला जाऊन भिडला नाही, तोवर डाव आपला. एकाच खेळाडूने सलग तीनदाच चेंडू खेळावा, नंतर दुसऱ्याने. गोलाच्या दिशेने फटका मारायचा तर चेंडूने ठराविक रेषा ओलांडलेली हवी. गोलरक्षक मागून दांडीने हलवायचा. मॉलमध्ये दिसणारा, आडव्या दांड्या फिरवून खेळायचा टेबल-फुटबॉल तो हा नव्हे. त्याचे पेटंट लंडनच्या हॅरॉल्ड थॉर्नटन यांनी १९२० च्या दशकात घेतले होते. स्पेनमध्ये त्याचे श्रेय यादवी युद्धात जखमी झालेले कवी आलेहांद्रो फिनिस्तेरे यांना दिले जाते; रुग्णालयातली मुले मैदानावर धावू शकत नव्हती, म्हणून आपण तो घडवला, असे ते सांगत. दांड्यांच्या खेळाला समोर माणूस लागतोच. टिचकीच्या खेळाला तो असला तर उत्तम, नसला तरी चालते.

याच फटीतून एकट्याचा सबूटिओ जन्मला. अ‍ॅडॉल्फ यांनी खेळ दोघांसाठी रचला होता. एकुलत्या एका, आजारी किंवा नुसत्याच बुजऱ्या मुलांनी तो परस्पर एकट्याचा करून टाकला. त्यातली पहिली अडचण शारीरिक. उजव्या हाताने फटका मारताना डाव्या हाताने समोरच्या गोलरक्षकाची दांडी धरायची, तर लहान मुलाचे हात पुरत नाहीत. मग रक्षक मध्यभागी स्थिर ठेवायचा किंवा त्याने कुठल्या बाजूला झेपावावे हे फाशावर सोपवायचे, असे घरगुती नियम निघाले. दुसरी अडचण मनाची. आवडत्या संघाला आपण नकळत जपतो. प्रतिस्पर्ध्याची टिचकी किंचित हलकी पडते. ती किंचित हलकी पडली हे खेळणाऱ्याला नेमके ठाऊक असते आणि मग तो गोल रद्द करायचा की नाही, याचा निवाडा त्यालाच करावा लागतो. पंचही तोच, प्रेक्षकही तोच. पुष्कळ मुले तोंडाने समालोचन करीत आणि वह्यांमध्ये साखळी स्पर्धांचे गुणतक्ते ठेवीत. ज्या संघाला आपण मनापासून हरवू पाहत होतो तोच शेवटी विजेता ठरला आणि आपण तसे नोंदवले, हा अनुभव त्या वह्यांत दडलेला आहे.

ही वृत्ती केवळ फुटबॉलपुरती किंवा बालवयापुरती नाही. अमेरिकन लेखक जॅक केरुआक यांनी कल्पित बेसबॉल संघ आणि त्यांच्या पत्त्यांवरच्या स्पर्धा लहानपणी रचल्या आणि मोठेपणीही त्यांची बातमीपत्रे, आकडेवारी निगुतीने जपली. मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांत हे सारे सापडले. बुद्धिबळाचे पट एकट्याने मांडणारे आणि पत्त्यांचे डाव स्वतःशीच लावणारे लोक तर आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना कुणी वेडे म्हणत नाही. टेबलावर प्लास्टिकचे बावीस खेळाडू मांडून बसलेला चाळिशीतला माणूस मात्र दारावर थाप पडली की आजही चपापतो.

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा देशभर फुटबॉलचे वारे होते आणि अ‍ॅडॉल्फ यांचा कारखाना तेजीत होता. क्रिकेट आणि रग्बीच्याही आवृत्त्या त्यांनी काढल्या होत्या. मात्र दशक संपता संपता त्यांनी हा सारा व्यवसाय लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीला सुमारे अडीच लाख पौंडांना विकला. रक्कम लहान नव्हती. खेळाचा सुवर्णकाळ मात्र त्यानंतर आला, १९७० च्या दशकात, जेव्हा मैदानाभोवती प्रकाशझोतांचे खांब, प्रेक्षागृहे, गुणफलक असे सारे छोट्या आकारात मिळू लागले. निर्मात्याला तो बाहेरून पाहावा लागला. पुढे व्हिडिओ गेम आले, तेव्हा एकट्या मुलाला समोर यंत्राचा प्रतिस्पर्धी मिळाला आणि हिरव्या कापडाची मैदाने घडी होऊन कपाटात गेली. १९९४ मध्ये वॉडिंग्टन्सचा खेळांचा व्यवसाय अमेरिकेच्या हॅस्ब्रोकडे गेला. अ‍ॅडॉल्फ यांचे निधनही त्याच वर्षीचे.

त्यांचे पुत्र मार्क यांनी २००६ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टेबल-फुटबॉलचा विश्वचषक टनब्रिज वेल्स येथेच भरला. लँगटन ग्रीनमधले ते घर तिथून जेमतेम काही किलोमीटरवर आहे.

सबूटिओ हे नाव ज्याचे आहे तो ससाणा उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये असतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेकडे उतरतो. त्याचे काही भाईबंद भारतातही येतात. पाठ करडी, मिशीसारखे काळे पट्टे, मांड्यांवर विटकरी रंग, अशी त्याची खूण. चतुर हे त्याचे आवडते खाद्य. उडत्या चतुराला तो एका पायाने अलगद टिपतो आणि कुठेही न थांबता उडता उडताच खातो.