हिशेब विचारणारा मास्तर : गोपाळ कृष्ण गोखले

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्या, असा मेळावा समितीचा निरोप आला तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव आले ते नामदार गोखल्यांचे. त्याला कारण आहे. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. नगरपालिका, पंचायत समित्या, अनुदानित शाळा यांची कीर्द-खतावणी, व्हाउचरे आणि हजेरीपट तपासण्यात केस पांढरे झाले. ऑडिट आले म्हटले की शाळेच्या कचेरीत काय धावपळ उडते, हे आपल्यातल्या शिक्षक-मित्रांना सांगायला नको. हे काम रुक्ष मानतात आणि ते पुष्कळदा रुक्ष असतेही. पण या रुक्ष कामाला जीव असतो, हे मला गोखल्यांच्या चरित्रातून कळले. म्हणून ही आठवण.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. 1879 मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर चालायचे. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसून आपले शिक्षण होते आहे, ही जाणीव त्या मुलाला लहान वयात झाली. एकेक पैसा कुणाकडून आला आणि कुठे गेला याची त्यांना पुढे जन्मभर जी काळजी राहिली, तिचे मूळ मला या आठ रुपयांत दिसते.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. अवघड गणित बरोबर सोडवल्याबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा गोपाळ रडू लागला, कारण त्या गणितात त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. उत्तर बरोबर होते, पण ते आपल्या नावावर मांडणे त्याला बरोबर वाटेना. गोष्ट सांगोवांगीची असेलही, पण पुढच्या गोखल्यांना ती शोभून दिसते.

1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. थोड्याच काळात ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि दरमहा पंच्याहत्तर रुपयांत संसार करायचा, असा तो करार होता. गोखल्यांनी तो पाळला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक इतके चालले की कित्येक पिढ्यांना गोखले हे नाव आधी त्रैराशिकामुळे आणि मग राजकारणामुळे माहीत झाले. संस्थेचे चिटणीस या नात्याने ते सुट्टीच्या दिवसांत गावोगाव फिरून कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत. शाळेसाठी दारोदार जाऊन पैसे मागणे म्हणजे काय, हे मेळाव्याच्या वर्गणीसाठी फिरलेल्या आपल्या मित्रांना चांगले ठाऊक आहे. गोखल्यांनी ते वर्षानुवर्षे केले. 1902 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना तीस रुपये पेन्शन मिळाले.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. सुमारे चौदा वर्षे गोखले त्यांच्या हाताखाली तयार झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल कसे वाचायचे, कोष्टकांतून काय शोधायचे, हे ते शिकले. दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी. हे सरकारी शाळेतले हेडमास्तर. शाळा सांभाळून त्यांनी देशाच्या जमाखर्चाचा असा अभ्यास केला होता की आकड्यांच्या बाबतीत गोखले पुढेही त्यांचा सल्ला घेत राहिले. कलकत्त्याच्या कौन्सिलात व्हाइसरॉयसमोर जी भाषणे झाली, त्यांच्यामागे अशी एका शाळामास्तराची मेहनत होती. हे नाव आज फारसे कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले. वय जेमतेम एकतीस. लष्करावर किती जाते, विलायतेत किती जाते आणि रयतेच्या शिक्षणाला किती उरते, हे त्यांनी मांडले. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. पण त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातले गोरे शिपाई लोकांच्या घरांत शिरून अत्याचार करतात, अशी पत्रे त्यांना मित्रांकडून आली होती. त्यांच्या आधारे त्यांनी मँचेस्टर गार्डियन या पत्रात आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. साक्षीला उभे राहायला कुणी तयार होईना, आणि पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे गोखल्यांना पटेना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरवले. तो घाव त्यांच्या मनात खोल गेला.

मला मात्र या प्रसंगापाशी लेखापरीक्षक म्हणून थांबावेसे वाटते. ऐकीव गोष्ट खरी असू शकते, पण व्हाउचर नसेल तर ती नोंदवहीत उभी राहत नाही. यानंतरच्या गोखल्यांची भाषणे पाहिली, तर सरकारवर टीका करताना ते बहुधा सरकारचेच छापील आकडे वापरतात. जो कागद तुम्ही छापला, तोच मी वाचून दाखवतो, अशी त्यांची पद्धत. तिला उत्तर देणे फार कठीण असते.

26 मार्च 1902 रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांचे अंदाजपत्रकावर पहिले भाषण झाले. त्या काळी सभासदांना अंदाजपत्रकावर फक्त बोलता येई. मत देण्याचा किंवा एखादी रक्कम कमी करण्याचा अधिकार नव्हता. सरकार सांगत होते, चार वर्षे ओळीने शिल्लक पडते आहे, म्हणजे देशाची भरभराट आहे. गोखल्यांनी ती शिल्लक उलगडून दाखवली. रुपयाचा भाव पडला होता तेव्हा विलायतेला पाठवायच्या रकमेसाठी जादा रुपये लागत, म्हणून कर वाढवले होते. 1888 मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. पुढे टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव सोळा पेन्सांपर्यंत चढवला. गरज संपली, कर मात्र तसेच राहिले. मधल्या काळात दोन मोठे दुष्काळ पडले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची नाही, दुष्काळातल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्याची आहे, हे त्यांनी सरकारी आकड्यांनीच दाखवले.

त्यानंतर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवशी लोक गोखल्यांच्या भाषणाची वाट पाहत. मिठावरचा कर 1903 मध्ये दोन रुपये, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांनी केले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण मत देण्याचा अधिकार नसलेला माणूसही नुसता हिशेब विचारून काही करू शकतो, हे देशाला दिसले. शिल्लक असेल तर ती शाळा, आरोग्य आणि स्थानिक संस्थांकडे जाऊ द्या, ही त्यांची मागणी कधी सुटली नाही.

याच मागणीतून त्यांचे सर्वांत मोठे काम निघाले. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अगदी जपून बेतलेले होते. जिथे आधीच ठराविक प्रमाणात मुले शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळावी. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने द्यावा, दोन तृतीयांश सरकारने. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे शिक्षण लागू केले होते, त्याचा दाखला समोर होता. तरी सरकारने सांगितले की लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही, पैसा नाही. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. 19 मार्च 1912 रोजी विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. मते मोजली तर हार मोठी होती आणि ती होणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते. तरीही त्यांनी प्रत्येक आक्षेपाला शांतपणे उत्तर दिले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मधुमेह होता, कामाला विश्रांती नव्हती. 1905 मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या पुण्यातल्या वास्तूत 19 फेब्रुवारी 1915 रोजी त्यांचे निधन झाले. वय 48. दोन वर्षांनी, 1917 मध्ये, ज्या कोल्हापुरात ते भावाच्या आठ रुपयांवर शिकले, तिथे शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी तसा कायदा करवून घेतला. 1921 पासून सरकारी हिशेब तपासणारी लोकलेखा समिती आली. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्याने 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्या 38 मतांना उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

नोकरीत मी हजारो शेरे लिहिले. पावती जोडलेली नाही, ठराव घेतलेला नाही, रक्कम विहित मुदतीत खर्च झालेली नाही. ते लिहिणे आवश्यकच होते. पण गोखल्यांमुळे मी प्रत्येक शाळेत एक प्रश्न मनाशी जास्तीचा विचारू लागलो : हा पैसा वर्गात बसलेल्या मुलापर्यंत पोचला का? खडूचे व्हाउचर बरोबर असून फळा कोरा असेल, तर हिशेब जुळलेला नाही.

या मेळाव्याच्या निमित्ताने आपणही शाळेसाठी निधी जमवला आहे. कुणी पेन्शनमधून दिला, कुणी परदेशातून पाठवला. समितीला माझी एकच विनंती आहे. त्याचा जमाखर्च शाळेच्या दर्शनी फलकावर लावा, आणि शेवटच्या ओळीत त्या पैशातून मुलांना काय मिळाले तेही लिहा. आपल्या मित्रांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशाचा हिशेब देणे हा त्याचा मान राखणे असते. आठ रुपयांवर शिकलेल्या एका मास्तराने आपल्याला हेच शिकवले आहे.