गंगाजी नाईक अणजूरकर

डहाणूच्या खाडीकाठचा जुना किल्ला आपल्या ज्ञातिबांधवांच्या नित्य पाहण्यातला आहे. दमणपासून वसई-साष्टीपर्यंतच्या ज्या पोर्तुगीज मुलखास मराठे फिरंगाण म्हणत, त्यातील हे एक ठाणे होय. तलासरीच्या उत्तरेचे दमण तर 1961 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते.

या मुलखात देवळे पाडली गेली, उघड पूजाविधींस बंदी झाली. पोरक्या हिंदू मुलांस पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम 1559 मध्ये निघाला आणि पुढल्याच वर्षी गोव्यात धर्मन्यायालय बसले. आपल्या घरात आपल्या देवास हाक मारावयाची ती दार लावून, अशी स्थिती पिढ्यान् पिढ्या राहिली.

भिवंडीनजीकच्या अणजूर गावचे गंगाजी नाईक याच काळातले. परंपरा सांगते की, हा जाच असह्य होऊन त्यांनी चिंचवड गाठले आणि मोरया गोसावींच्या देव घराण्याच्या आश्रयाने मंगलमूर्तीपुढे अनुष्ठान मांडले. मागणे धनाचे नव्हते, वतनाचेही नव्हते. फिरंगाणात स्वधर्माने राहता यावे, एवढेच होते. साष्टीच्या बखरीत नाईकांचा वृत्तान्त विस्ताराने आला आहे. दृष्टान्ताच्या कथेवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो. आम्हांस थोर वाटते ते हे, की प्रार्थनेनंतर हा पुरुष स्वस्थ बसला नाही. बंधूंसह त्यांनी पेशव्यांच्या दरबाराशी संधान बांधले, मुलखातील माणसे जोडली, वाटा व उतार यांची माहिती पुरविली. 1737 च्या मार्चमध्ये ठाण्याचा कोट मराठ्यांच्या हाती आला, त्यात अणजूरकरांचे साह्य मोलाचे ठरले.

1739 च्या आरंभी माहीम, तारापूर व डहाणू ही ठाणी पडली. तारापुरास बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली. त्या तहात एक कलम असे आहे की, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा असावी. शाळेतील इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. आमच्या मते तो किल्ल्यावर चढलेल्या निशाणाइतक्याच ठळकपणे व्हावयास हवा.

आता चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीस आपण सहकुटुंब, वाजतगाजत जातो. अणजूरला नाईकांच्या वाड्यात सिद्धिविनायकाचे पूजन चालू आहे. भिवंडीकडे जाणे झाल्यास ज्ञातिबंधु-भगिनींनी तेथे अवश्य दर्शन घ्यावे.